सामी शिकवायचं म्हणजे नुसतं रेनडिअर नाही हो

फेब्रुवारीचा पहिला आठवडा आला की इथल्या, म्हणजे नॉर्वेतल्या, सगळ्या शाळांना एकदम सामी, म्हणजे इथले मूळनिवासी लोक, आठवतात. ६ फेब्रुवारी म्हणजे सामी राष्ट्रीय दिवस, त्यामुळे कॅन्टीनमध्ये बिदोस (रेनडिअरचं मटण, बटाटे आणि गाजर घातलेला पातळ रस्सा, थंडीत खरंच भारी लागतो), शाळेच्या मैदानात लाव्वू म्हणजे त्यांचा तंबू, लाल-निळा-हिरवा-पिवळा झेंडा, आणि कुणीतरी यूट्यूबवर योइक, म्हणजे त्यांचं पारंपरिक गाणं, लावतं. शुक्रवारी तंबू उतरवला की गंगेत घोडं न्हालं, पुढच्या फेब्रुवारीपर्यंत सामी हा विषय बंद. हे कुठल्या एका शाळेबद्दल नाहीये, ज्या ज्या टीचरशी बोलले तिच्याकडे थोड्याफार फरकाने हेच.

मी ट्रॉनहाइमला आठवी ते दहावीच्या मुलांना समाजशास्त्र आणि केआरएलई शिकवते. केआरएलई म्हणजे ख्रिस्ती धर्म, इतर धर्म, जीवनदृष्टी आणि नीतिशास्त्र असं सगळं एकत्र घातलेला विषय. नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो, भाषा शिकले, इथलं टीचर ट्रेनिंग केलं आणि लागले. इथे मुलं टीचरला सरळ नावाने हाक मारतात, आईला फोनवर हे सांगितलं तर ती अजून म्हणते तुझा वचक नसेल म्हणून. असो. मुद्दा असा की २०२० च्या नव्या अभ्यासक्रमात अगदी सुरुवातीच्या, सगळ्या विषयांना लागू असलेल्या भागातच लिहिलंय की विद्यार्थ्यांना सामी या मूळनिवासी लोकांचा इतिहास, संस्कृती, समाजजीवन आणि हक्क यांची समज यायला हवी. म्हणजे ऑप्शनला टाकायची सोय नाही. पण अभ्यासक्रमात एक ओळ लिहिणं वेगळं आणि गुरुवारी दुसऱ्या तासाला पंचवीस पेंगुळलेल्या पंधरा वर्षांच्या पोरांसमोर उभं राहणं वेगळं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. सामी हे नॉर्वे, स्वीडन, फिनलंडचा उत्तर भाग आणि रशियातलं कोला द्वीपकल्प अशा चार देशांत विभागलेले मूळनिवासी लोक, त्यांच्या सगळ्या प्रदेशाला साप्मी म्हणतात, सरहद्दी नंतर आल्या, लोक आधीपासून होते. लोकसंख्या ८० हजार ते १ लाखाच्या आसपास धरतात, सगळ्यात जास्त नॉर्वेत. भाषा एक नाही, नऊ आहेत, आणि उत्तर सामी बोलणाऱ्याला दक्षिण सामी बसल्याबसल्या कळेल असं अजिबात नाही. पूर्वी त्यांना लॅप म्हणायचे, आता तो शब्द अपमानास्पद मानतात, तेवढं लक्षात ठेवा. आणि रेनडिअर पाळणारे त्यातले थोडेच, नॉर्वेत जेमतेम तीनेक हजार लोक त्या धंद्यात आहेत, बाकीचे समुद्रकिनाऱ्यावर मासेमारी करणारे, शेती करणारे, आणि आज ओस्लोत नर्स, वकील, प्लंबर असणारे. पण पुस्तकातला फोटो बघाल तर दरवेळी तोच, बर्फ, रेनडिअर आणि निळा-लाल ड्रेस घातलेले आजोबा.

म्हणून मी सुरुवात रेनडिअरच्या फोटोने करत नाही, कोर्टाच्या निकालाने करते. ट्रॉनहाइमच्या फ्योर्डपलीकडे फोसेन आहे, फ्लाक्कहून फेरी पकडली की पलीकडे. तिथे स्टोरहेइया आणि रोआन या दोन ठिकाणी मिळून १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि नेमकी तीच जमीन दक्षिण सामी कुटुंबांची हिवाळ्यात रेनडिअर चारायची जागा. ११ ऑक्टोबर २०२१ ला नॉर्वेच्या सुप्रीम कोर्टाने, अकराच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने, सांगितलं की परवाने अवैध आहेत, नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २७ व्या कलमाचा, म्हणजे अल्पसंख्याकांच्या आपली संस्कृती जगण्याच्या हक्काचा, भंग झालाय. मुलांना वाटतं की झालं, जिंकले, आता पाडतील. मग मी विचारते की पाडल्या का? नाही पाडल्या. पाती फिरतच राहिली. निकालाला ५०० दिवस झाले तेव्हा, २३ फेब्रुवारी २०२३ ला, तरुण सामी कार्यकर्ते ओस्लोत मंत्रालयाच्या लॉबीत गाक्ती, म्हणजे त्यांचा पारंपरिक पोशाख, घालून जाऊन बसले, ग्रेटा थुनबर्गही आली, मार्चच्या सुरुवातीला सरकारने माफी मागितली, आणि शेवटी डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये तिथल्या रेनडिअर पाळणाऱ्या दोन्ही सामी गटांशी समझोते झाले. पवनचक्क्या तिथेच आहेत.

यावर वर्गात जो दंगा होतो ना, तो मला पाहिजेच असतो. कारण मुलांची मूल्यं इथे एकमेकांवर आदळतात. ग्रीन एनर्जी चांगली हे त्यांना बालवाडीपासून शिकवलंय, कायद्याचं राज्य चांगलं हेही शिकवलंय, आणि आता दोन्हींत भांडण. एक मुलगा म्हणाला की पण थोड्याच लोकांसाठी एवढी वीज सोडायची का, त्यावर मागच्या बाकावरची मुलगी, जी एरवी वर्षभर तोंड उघडत नाही, ती म्हणाली, मग अल्पसंख्याकांचा हक्क म्हणजे काय, जास्त लोक असतील तरच? मी काही बोललेच नाही, गप्प फळ्यापाशी उभी राहिले, त्यांचं ते भांडू दिलं. आणि या भांडणात आपोआप प्रश्न येतो की ही जमीन त्यांची कशी काय, कागद आहे का? तिथून इतिहासात शिरता येतं, कारण आता त्यांना उत्तर पाहिजे असतं.

आणि इतिहासात शिरलं की जे समोर येतं ते शाळेला गैरसोयीचं आहे, म्हणूनच मला वाटतं आपण त्यावर बिदोसचा रस्सा ओततो. सामींचं नॉर्वेजियनीकरण केलं ते मुख्यतः कुणी? सैन्याने नाही. शाळेने. म्हणजे मी ज्या धंद्यात आहे त्या धंद्याने. १८५१ पासून संसदेने त्यासाठी खास निधी ठेवला होता, त्यातून चांगलं काम करणाऱ्या मास्तरांना जादा पैसे मिळायचे, चांगलं काम म्हणजे पोरांना नॉर्वेजियन बोलायला लावणं. १८८० च्या सूचनांमध्ये शिक्षकांना बजावलं की सामी आणि क्वेन मुलांना नॉर्वेजियन बोलता, वाचता, लिहिता आलंच पाहिजे, त्यांची भाषा फक्त अडलं तर मदतीपुरती. (क्वेन म्हणजे फिनिश वंशाचे उत्तरेतले लोक, त्यांची गोष्ट वेगळीच आहे, ते पुन्हा कधीतरी.) १८९८ मध्ये ते अजून आवळलं. आणि मग १९०२ चा जमिनीचा कायदा, फिनमार्क या पार उत्तरेच्या जिल्ह्यात सरकारी जमीन विकत कुणाला द्यायची, तर ज्याला नॉर्वेजियन बोलता, वाचता, लिहिता येतं आणि जो रोज ती वापरतो त्याला.

हे मी वर्गात असं करते की भाषेच्या अटीची फक्त ती ओळ स्क्रीनवर लावते, बाकी काही सांगत नाही, साल सांगत नाही, आणि विचारते की तुमच्या घरी कोण कोण जमीन घेऊ शकलं असतं? आमच्या वर्गात सोमाली आहेत, पोलिश आहेत, सीरियन आहेत, एक तमिळ मुलगी आहे. एक पोलिश मुलगा पटकन म्हणाला माझे बाबा नाही घेऊ शकणार, ते कामावर पण पोलिशच बोलतात. मग साल सांगितलं. मग हे सांगितलं की हा नियम बाहेरून आलेल्यांसाठी नव्हता, जे तिथे हजारो वर्षं राहत होते त्यांच्यासाठी होता. वर्गाला हे पचायला दोन मिनिटं लागतात.

मग बोर्डिंग शाळा. १९०५ मध्ये नेइडेनला पहिली सरकारी बोर्डिंग सुरू झाली, पार रशियाच्या सरहद्दीजवळ, आणि मग उत्तरभर. सात वर्षांचं पोर आईबापांपासून लांब, ज्या भाषेत रडायचं ती भाषा मधल्या सुट्टीत पण बोलायची नाही. दक्षिणेकडेही होतं, आमच्याच ट्रोंडेलाग जिल्ह्यात नामसोसजवळ हाविकाला १९१० पासून मिशनने चालवलेली सामी मुलांची शाळा होती, १९५१ पर्यंत. हे सांगितलं की हमखास कुणीतरी म्हणतं, पण ते तर उत्तरेला झालं ना, आपल्याकडे कुठे? आपल्याकडेच झालं बाळा, बसने जाता येईल इतक्या अंतरावर. सामी भाषा शाळेत वापरायला कायद्याने परवानगी मिळाली १९५९ मध्ये आणि सामी भाषेतून पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवायला प्रत्यक्ष सुरुवात झाली १९६७ ला. म्हणजे या मुलांच्या आजी-आजोबांच्या हयातीतली गोष्ट आहे, वायकिंगांच्या काळातली नाही.

पण नुसतं रडगाणं शिकवायचं नाही हेही खरं. मुलं मग सामी म्हणजे बिचारे अशी फाइल डोक्यात सेव्ह करून टाकतात, जे रेनडिअरवाल्या फोटोइतकंच वाईट. म्हणून मला त्यातले मास्तर लोक आवडतात. इसाक साबा, स्वतः शिक्षक, १९०६ मध्ये संसदेत निवडून गेलेला पहिला सामी, सामींचं राष्ट्रगीत त्यानेच लिहिलंय. पेर फोकस्टाड, उत्तरेतल्या ताना गावचा शिक्षक, त्याने १९२० च्या दशकात सामी भाषेतल्या शाळेचा अख्खा प्लॅन बनवून सरकारी शाळा समितीला दिला, आणि त्यांनी तो धुडकावला. विचार करा, चाळीसेक वर्षं आधी एक माणूस कागदावर सगळं लिहून देतोय. आणि एल्सा लाउला रेनबर्ग, ही माझी एकदम लाडकी, १८७७ चा जन्म, स्वीडनच्या बाजूची, सुईणीचं शिक्षण घेतलेली, १९०४ मध्ये जमिनीच्या हक्कांवर जळजळीत पुस्तिका लिहिली, पुढे लग्न होऊन नॉर्वेत आली, पोरंबाळं, रेनडिअर, आणि त्यातून संघटना बांधली. ६ फेब्रुवारी १९१७ ला सामींची पहिली मोठी परिषद भरली, शंभराच्या वर लोक, निरनिराळ्या भागांतून, ती तिच्या पुढाकाराने. कुठे? ट्रॉनहाइमच्या मेथडिस्ट चर्चमध्ये. म्हणजे ज्या तारखेला आमच्या कॅन्टीनमध्ये बिदोस शिजतो ती तारीख आमच्याच शहरातली आहे, आणि दहावीतल्या अर्ध्या पोरांना वाटतं की ती कुठल्यातरी राजाच्या वाढदिवसाची आहे! १९९२ मध्ये हेलसिंकीत ती तारीख राष्ट्रीय दिवस म्हणून ठरली आणि १९९३ पासून साजरी होते.

आता धर्म. केआरएलईच्या तासाला खरी पंचाईत इथे होते. पुस्तकात काय असतं, तर सामींचा जुना धर्म, नोआइदी म्हणजे त्यांचा जाणता, आत्म्यांशी बोलणारा, त्याचा ढोल, सिएदी म्हणजे पूजेचे दगड, सूर्याची देवता, वाऱ्याचा देव, आणि घरातल्या देवी. साराहक्का चुलीपाशी राहते, बाळंतपण सांभाळते, उक्साहक्का दारापाशी राहून राखण करते, या दोघी आणि युक्साहक्का मात्ताराहक्काच्या मुली. मला हे फार जवळचं वाटतं, चूल आणि उंबरठा यांना देवता असणं मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मग मिशनरी आले, ढोल जाळले, सामी ख्रिस्ती झाले, धडा समाप्त. सगळं भूतकाळात. म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकानंतर सामी लोकांना धर्मच नाही जणू.

ढोलाचं मात्र मी नीट करते, कारण त्यात पुरावा कसा वाचायचा ते शिकवता येतं. दक्षिण सामी ढोलाचा मोठा फोटो लावते, लांबट गोल लाकडी चौकटीवर रेनडिअरचं कातडं, त्यावर अल्डर झाडाची साल चावून काढलेल्या लालसर रसाने चित्रं, मधोमध सूर्य, त्याच्या चार बाजूंना किरणं, भोवती माणसं, जनावरं, नावा, तंबू. रेनडिअरच्या शिंगाच्या हातोडीने ढोल वाजवायचा, कातड्यावर एक कडं ठेवायचं, ते नाचत नाचत कुठल्या चित्रावर जातं ते बघायचं. आधी मी मुलांना विचारते काय दिसतंय. मग विचारते, हे चित्र रेनडिअर आहे की देव, हे आपल्याला कुणी सांगितलं? उत्तर असं की बहुतेक पाद्र्यांनी आणि मिशनऱ्यांनी, ज्यांना हे ढोल नष्ट करायचे होते, त्यांनीच लिहून ठेवलंय. मालकाने स्वतः आपला ढोल समजावून सांगितल्याचं उदाहरण फार विरळ, त्यातलं एक म्हणजे आन्डर्स पोलसेन. म्हातारा माणूस, १६९१ मध्ये त्याचा ढोल जप्त केला, फेब्रुवारी १६९२ मध्ये वादसोला खटला चालला, कोर्टात त्याने एकेक चित्र काय आहे ते सांगितलं. पण कुणाला सांगत होता? जे त्याला शिक्षा देणार होते त्यांना. मग तो खरं किती बोलला असेल, घाबरून किती बोलला असेल, चर्चवाल्यांना बरं वाटावं म्हणून किती? कोपनहेगनहून निर्णय यायची (तेव्हा नॉर्वे डेन्मार्कच्या राजाखाली होता) वाट बघत असतानाच कोठडीत एका वेड्या माणसाने कुऱ्हाडीने त्याला मारलं. ढोल डेन्मार्कच्या राजाच्या संग्रहात गेला, १९७९ पासून काराशोकच्या सामी म्युझियममध्ये उसना म्हणून होता, आणि २०२२ मध्ये मालकी हक्काने परत आला. तीनशे तीस वर्षं! मुलांना शेवटचा भाग सगळ्यात जास्त चटका लावतो, की स्वतःची वस्तू चाळीसेक वर्षं उसनी म्हणून ठेवावी लागली.

यात एक गंमत अजून आहे. ढोल गोळा करणाऱ्यांत सगळ्यात नावाजलेला मिशनरी थॉमस फॉन वेस्टेन, १७१६ पासून पुढची दहाएक वर्षं उत्तरेत फिरला, त्याचं ठाणं ट्रॉनहाइमलाच. त्याने गोळा केलेले बरेच ढोल १७२८ च्या कोपनहेगनच्या आगीत जळून गेले, आज जुने ढोल जगात सत्तरच्या आसपास उरलेत. पण याच माणसाचा आग्रह होता की मिशनऱ्यांनी सामी भाषा शिकावी, देवाचं सांगायचं तर लोकांच्या भाषेत सांगा. म्हणजे धर्म काढून घेणारा भाषा ठेवत होता, आणि दीडशे वर्षांनी जी शाळा स्वतःला आधुनिक समजत होती ती भाषा पण काढून घेत होती. खलनायक एका रंगाचा नसतो हे पंधरा वर्षांच्या मुलांना कळतं, आपणच त्यांना कमी समजतो.

आणि आता पुस्तकात जे जवळजवळ नसतंच ते. १८४० च्या दशकात लार्स लेवी लेस्टाडियस नावाचा पाद्री, आई सामी, त्याने दारूविरुद्ध आणि पापाविरुद्ध असा काही प्रचार सुरू केला की उत्तरेतले हजारो सामी त्यात आले, ती चळवळ आजही आहे, कित्येक सामी घरांत धर्म म्हणजे हाच. १८५२ च्या नोव्हेंबरमध्ये काउतोकेइनोला याच चळवळीतल्या काही लोकांनी उठाव केला, दारू विकणारा व्यापारी आणि पोलिस अधिकारी मारले गेले, पाद्र्याला फटके बसले. १८५४ मध्ये अस्लाक हेट्टा आणि मोन्स सोम्बी या दोघांचा अल्टाजवळ शिरच्छेद झाला, आणि त्यांची डोकी अभ्यासासाठी विद्यापीठाकडे गेली. ती परत मिळून पुरली गेली १९९७ मध्ये. आणि त्यातलाच एक लार्स हेट्टा, तेव्हा अठराच्या आसपासचा पोरगा, आधी फाशी मग जन्मठेप, त्याने तुरुंगात बसून बायबलच्या सामी भाषांतरावर काम केलं. आता सांगा, यात धर्म आहे, व्यसन आहे, सरकार आहे, हिंसा आहे, भाषा आहे, दहावीच्या मुलांना अजून काय पाहिजे? पण पुस्तकात ढोलाला दोन पानं आणि लेस्टाडियसला चौकट, ती पण असली तर. सामी माणूस चर्चमध्ये बसलेला दाखवला की तो पुरेसा सामी दिसत नाही, असं काहीतरी असावं.

दरवर्षी कुणीतरी सुचवतं की आर्टच्या तासाला मुलांकडून पुठ्ठ्याचे नोआइदी ढोल करून घेऊ, कडं फिरवून भविष्य बघतील, मजा येईल. मी नाही म्हणते. हे म्हणजे कुणाच्या देव्हाऱ्यातले टाक उचलून पोरांना खेळायला देण्यासारखं आहे. शिवाय इथल्या कायद्यात पालकांना हक्क आहे की दुसऱ्या धर्माचं आचरण वाटेल अशा ॲक्टिव्हिटीतून मुलाला सूट मागायची, माहितीतून नाही पण कृतीतून. २००७ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क कोर्टात नॉर्वे याच विषयाच्या जुन्या रूपावरून हरलाय. पण सामी ढोल आला की लोकांना हा धर्म आहे हे आठवतच नाही, त्यांना ती हस्तकला वाटते. हाताने काही करायचंच असेल तर खरी हस्तकला आहे ना, दुओजी, पट्ट्या विणा, शिंगावरचं नक्षीकाम बघा, शिकवायला येणारे सामी कारागीर मिळतात, त्यांना मानधन द्या आणि बोलवा.

सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे वर्गात सामी मूल असतं तेव्हा. नॉर्वेत कुठेही राहणाऱ्या सामी मुलाला सामी भाषा शिकायचा कायदेशीर हक्क आहे, त्यामुळे एखादं मूल हेडफोन घेऊन शेजारच्या खोलीत ऑनलाइन तासाला जातं, आणि पुष्कळदा तेव्हा वर्गात नेमका मॅथ्सचा तास चालू असतो, ते बुडतं ते वेगळंच. आणि मग सामी आठवड्यात टीचर उत्साहाने वळून विचारते, हो ना गं, तुमच्याकडे असंच असतं ना? त्या मुलीचा चेहरा बघण्यासारखा होतो. मला हे आतून माहितीय कारण इथे आल्यापासून भारताचा विषय निघाला की सगळी खोली माझ्याकडे वळते, जात, गाय, लग्न, सगळ्याची उत्तरं मीच द्यायची. म्हणून माझा नियम साधा आहे, मी वर्गात कुणाकडेही वळून विचारत नाही. स्वतःहून सांगितलं तर ऐकायचं. एकाने अख्खं सेमिस्टर काही सांगितलं नाही आणि मग तोंडी परीक्षेत आपल्या पणजीचं आडनाव का बदललं गेलं यावर बोलला, मी आणि बाहेरून आलेली परीक्षक, दोघी बघतच राहिलो. आडनाव बदलणं, घरात भाषा बंद करणं, सामी आहोत हे लपवणं, असं किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत झालंय, त्यामुळे वर्गात कोण सामी आहे हे टीचरला माहीत असतंच असं नाही, कधीकधी त्या मुलालाही नसतं.

आणि द्वेष अजून आहे, तो इतिहास झालेला नाही. उत्तरेत दोन भाषांतल्या गावाच्या पाट्यांवर लोकांनी गोळ्या झाडल्यात, कोफ्योर्डची पाटी त्यासाठीच गाजली. फोसेनच्या आंदोलनानंतर सोशल मीडियावर सामींबद्दल जे काय लिहिलं गेलं ते माझ्या विद्यार्थ्यांनी माझ्या आधी वाचलेलं असतं, त्यांच्या फोनवर येतं ते. म्हणून अल्टा शिकवताना मी दोन वर्षं शेजारी शेजारी लिहिते, १९८१ आणि २०२३. अल्टा नदीवरच्या धरणाविरुद्ध १९७९ मध्ये संसदेसमोर तंबू ठोकून सामी तरुणांचं उपोषण, जानेवारी १९८१ मध्ये आंदोलकांना उचलायला ६०० पोलिस, फेब्रुवारीत सामी बायकांचा पंतप्रधानांच्या ऑफिसात ठिय्या. धरण झालंच. पण त्या हरलेल्या लढाईतून १९८८ चं सामींची भाषा-संस्कृती जपायची जबाबदारी सरकारवर टाकणारं घटनेतलं कलम आलं, १९८९ मध्ये काराशोकला सामी पार्लमेंट सुरू झालं, १९९० मध्ये मूळनिवासींच्या हक्कांचा आयएलओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, १६९ क्रमांकाचा करार मान्य करणारा नॉर्वे जगातला पहिला देश ठरला. १९९७ मध्ये राजा हाराल्डने सामी पार्लमेंटसमोर सांगितलं की हे राज्य दोन लोकांच्या भूमीवर उभं आहे, आणि नॉर्वेजियनीकरणाबद्दल माफी मागितली. २०१८ मध्ये सत्य आणि समेट आयोग नेमला, जून २०२३ मध्ये त्याचा जाडजूड अहवाल आला, त्यात बहुसंख्य लोकांना या इतिहासाची माहितीच फार कमी आहे हे एक मुख्य दुखणं म्हणून आलंय, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेने स्वतः माफी मागितली. एका मुलीने विचारलं की एवढ्या वेळा माफी मागायची तर मग पवनचक्क्या का? मी म्हटलं हाच प्रश्न परीक्षेत लिही, फुल मार्क देते.

आपल्याकडची तुलना करायचा मोह होतो आणि थोडी करतेच. मी पालघरकडची, आमच्याकडे वारली चित्रं मुंबईच्या हॉटेलांच्या भिंतींवर आणि कुर्त्यांवर असतात पण वारल्यांच्या जमिनीचं काय झालं हे आम्हाला शाळेत एका धड्यात तरी नीट सांगितलं का? तारपा नाच वार्षिक संमेलनात, तो पण आम्ही बिनवारली पोरांनी केलेला, कंबरेला कागदाच्या झालरी लावून. आणि आश्रमशाळांमध्ये भिली, कोरकू, गोंडी बोलत आलेलं लेकरू पहिल्या दिवशी प्रमाण मराठी ऐकतं तेव्हा त्याला काय होत असेल हे मला हाविकाबद्दल वाचेपर्यंत सुचलं नव्हतं. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, आश्रमशाळा काही भाषा मारायला काढलेल्या नव्हत्या, देश वेगळा, इतिहास वेगळा, पण त्या लेकराला तो फरक काय कळणार.

सहकाऱ्यांचं म्हणणं असतं की वेळ कुठे आहे, इस्लाम आहे, बौद्ध आहे, दोन महायुद्धं आहेत, सामींना किती तास देणार. खरं आहे त्यांचं. पण मी वेगळे तास मागतच नाही. लोकशाही शिकवताना सामी पार्लमेंट घ्या, कोर्ट शिकवताना फोसेन घ्या, ऊर्जा शिकवताना पण फोसेन घ्या, दुसरं महायुद्ध शिकवताना जर्मनांनी जाळलेला फिनमार्क घ्या, पुनरुज्जीवनवादी ख्रिस्ती चळवळी शिकवताना लेस्टाडियस घ्या. चेर्नोबिल शिकवताय? १९८६ मध्ये तो किरणोत्सारी पाऊस आमच्याच भागात पडला, दगडफुलासारख्या लायकेनमध्ये सीझियम गेलं, ते खाऊन रेनडिअरच्या मांसात, आणि दक्षिण सामी कुटुंबांना वर्षानुवर्षं भोगावं लागलं. सायन्सवाल्या सरांना हे सांगितल्यावर त्यांनी यंदा आपल्या धड्यात घातलं सुद्धा, आणि एरवी ते माणूस स्टाफरूममध्ये कॉफीशिवाय कशासाठी हलत नाही.

यंदाचं ठरलंय ते असं. फेब्रुवारीच्या आठवड्याला मी बिदोस ठेवलाय, कारण मुलांना आवडतो आणि मलाही. पण दहावीची ट्रिप सप्टेंबरमध्ये करायची, सामी आठवडा नसताना, स्नोसाला, तिथे दक्षिण सामींचं साएमिएन सिइते म्युझियम आहे, २०२२ मध्ये नवीन इमारतीत गेलंय. इथून दोन-अडीच तास. बसचे पैसे मंजूर झालेत, मॅथ्सवाल्या मॅडम कुरकुरतायत की त्यांचा दिवस बुडतो, आणि दोन पालकांनी आत्ताच विचारलंय की तिकडे रेनडिअरसोबत फोटो काढता येईल का. नाही येणार हो, म्युझियम आहे ते.